सपाट रेघ

रेघ बरोबर होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जे काही झालं त्याचं खापर जो तो त्या रेघेवर फोडत होता.

आमच्या कारखान्यात कौलं बनतात. माती मळायची, साच्यात दाबायची, ओली कौलं ट्रॉलीवर रचायची, ट्रॉली ड्रायरमधून पुढे सरकवायची आणि मग भट्टीत घालायची. ड्रायर म्हणजे गरम हवेचा लांबलचक बोगदा. आत हवा किती सोडायची ते आकडे कोरलेल्या एका लोखंडी चाकावर ठरतं. कौल ड्रायरमधून ओलसर बाहेर पडलं तर भट्टीत फुटतं, आणि आत घाईने सुकलं तर तिथेच तडकतं. या दोन्हींच्या मधे त्याला ठेवण्याचं काम माझे काका करतात. सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. शिकायला म्हणून त्यांच्या घरी राहायला आले ती नोकरी लागली तरी तिथेच आहे.

काका गरीब स्वभावाचे वगैरे अजिबात नाहीत. ते तोंडाने फटकळ आहेत, स्वतःला ड्रायरचे मालक समजतात आणि कौलं का तडकतात याबद्दल त्यांनी मनाने रचलेली कारणं ऐकून माझ्या भौतिकशास्त्राच्या सरांना घेरी आली असती. माती "रुसते" म्हणतात. पण आत जाणाऱ्या ट्रॉलीवरच्या कौलाला अंगठा लावतात, चाक फिरवतात, आणि माल चांगला निघतो.

मला क्वालिटी विभागात घेतलं ते संख्याशास्त्र शिकले म्हणून. मॅनेजरांना सगळे पाठीमागे सरासरीसाहेब म्हणतात. त्यांना काहीही विचारा, "सरासरी काय येते ते बघा," हेच उत्तर. काकांचं म्हणणं असं, की या माणसाचा एक मुलगा पास झाला आणि एक नापास, तर हा दोघं काठावर पास म्हणून पेढे वाटेल.

साहेबांनी मला पहिलंच काम दिलं ते ड्रायरचं. चाक कुठे होतं आणि ड्रायरमधून निघालेल्या कौलात किती ओलावा उरला होता, या दोन्ही आकड्यांची प्रत्येक ट्रॉलीमागे नोंद होतेच. ती संगणकात पडून होती. मी आडव्या अक्षावर चाक घेतलं, उभ्या अक्षावर ओलावा, आणि सगळ्या ट्रॉल्यांचे ठिपके मांडले. मग त्या ठिपक्यांना एकंदरीत सगळ्यात जवळून जाणारी सरळ रेघ काढली. यालाच रिग्रेशन म्हणतात, आणि साध्यातलं साधं रिग्रेशन हेच. चाक जास्त उघडलं की हवा जास्त, म्हणजे ओलावा कमी. रेघ उतरती यायला हवी.

रेघ सपाट आली. टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारखी.

मी आधी आकडे तपासले, मग डोकं खाजवलं, मग हसले. कारण उघड होतं. काका, आणि त्यांच्याकडून शिकलेले बाकीच्या दोन पाळ्यांचे ड्रायरवाले, चाक उगाच फिरवत नाहीत. आलेली कौलं जास्त ओली असली तर ते जास्त उघडतात, कोरडी असली तर बंद करत आणतात. म्हणून चाक कुठेही असो, बाहेर पडणारा माल सारखाच. आत जाताना कौल किती ओलं होतं याची नोंद कोणीच करत नव्हतं, त्यामुळे त्यांचं अर्धं काम आकड्यांत दिसतच नव्हतं. माणूस जितका पक्का, तितकी रेघ सपाट.

अहवालात मी हे अगदी स्पष्ट लिहिलं. आलेखाच्या खालीच लिहिलं: "उतार शून्याजवळ आहे, याचा अर्थ चाकाचा परिणाम होत नाही असा नाही. आत येणारा ओलावा मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये."

मीटिंगमध्ये सरासरीसाहेबांनी आलेख भिंतीवर लावला. फक्त आलेख. खालचं वाक्य कापून टाकलेलं.

"ही बघा," ते म्हणाले, "आपल्याच मुलीने काढलेली रेघ. चाक दोनवर ठेवा, नऊवर ठेवा, फरक शून्य. आणि त्या चाकाजवळ आपण तिन्ही पाळ्यांना माणसं उभी करतो! चाक पाचवर ठेवायचं आणि विसरून जायचं. सरासरी पाचच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, फरक शून्य नाहीये. फरक पडू दिला जात नाहीये."

"म्हणजे?"

"लहान मुलाला आंघोळ घालताना बाई बादलीत हात घालून बघते, कधी गरम नळ जास्त सोडते, कधी थंड. बादलीतलं पाणी रोज कोमटच. आता कोणी नळ किती सोडला आणि पाणी किती गरम होतं याचा आलेख काढला, तर रेघ सपाटच येणार. म्हणून काय नळाचा आणि गरम पाण्याचा संबंध नाही?"

"मग नळच काढून टाकू. प्लंबरचा खर्च वाचला." सगळे हसले. हसणं ओसरल्यावर ते जरा पुढे झुकले. "ड्रायरवर तुझे काका आहेत ना?"

"आहेत. त्याचा काय संबंध?"

"काही नाही. सहज विचारलं."

सहज. त्या एका शब्दाने माझं सगळं गणित काका-पुतणीच्या खात्यात जमा केलं.

ठरलं ते असं: एका पाळीत चाक पाचवर कुलूप लावून ठेवायचं आणि बघायचं. माल ठीक निघाला तर ड्रायरवाल्याचं पद रद्द, तिन्ही पाळ्यांचं. बाकीचे दोघं तरुण होते, त्यांना भट्टीवर घेणार होते. काकांना घरी बसवणार होते.

मला खरं तर आनंद झाला. चाक बांधल्यावर माल फुटणार, हे मला दोन अधिक दोन इतकं स्पष्ट होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! घरी येऊन काकूला तसं सांगितलंसुद्धा.

"फुटणार म्हणजे नक्की ना गं?" काकू भांडी पुसत म्हणाली. "नाही, हे घरी बसले तर दिवसभर मलाच शिकवतील कुकरची शिट्टी कशी करायची ते."

"नक्की, काकू."

काका जेवत होते. "भात वाढ," एवढंच म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चाचणीच्या दिवशी फिटरने चाकाला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली साहेबांच्या खिशात गेली. काकांना मागच्या मातीच्या अंगणात कामाला लावलं. मी माझ्यापुरतं एक काम जास्त केलं: आत जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीवरचं एक कौल घेऊन त्याचा ओलावा मोजला. त्या दिवशीची माती चांगलीच वाकडी होती. काही ट्रॉल्या ओल्याचिंब, काही कोरड्या. मनात म्हटलं, आता बघा गंमत.

माल छान निघाला.

एकही ट्रॉली तडकलेली नाही. बाहेर पडलेल्या कौलांतला ओलावा नेहमीसारखा. सरासरीसाहेबांनी फिटरच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "काय मॅडम? बाईने नळाला हात नाही लावला, आणि बाळाची आंघोळ झाली की."

मी टेबलाशी येऊन बसले. कान तापले होते. माझं शिकणं, माझं डोकं, सगळंच खोटं की काय असं वाटत होतं. मग मी नवा आलेख काढला: आत जाताना ओलावा किती आणि बाहेर येताना किती. चाक जागेवर बांधलेलं असताना ओलं आत गेलं तर ओलसरच बाहेर यायला हवं. रेघ चढती हवी. दुसरं काही शक्यच नाही. हवा तीच, वेळ तोच.

ही रेघही सपाट होती.

मग मला कळलं. कुलूप चाकाला होतं. ड्रायर मात्र कोणीतरी चालवत होतं.

घरी गेले ती चप्पलसुद्धा न काढता स्वयंपाकघरात घुसले.

"काका, आज काय केलंत?"

"माती उपसली."

"खरं सांगा."

"अंगणातून ड्रायरच्या मागची साफसफाईची दारं दिसतात," काका शांतपणे म्हणाले. "कोरड्या ट्रॉल्या आल्या की दोन दारं उघडून गरम हवा बाहेर सोडत होतो. ओल्या आल्या की ढकलणाऱ्या पोरांना सांगितलं होतं, आत जरा जास्त वेळ थांबवून धरा. कुलूप चाकाला लावलं होतं. दारांना कोणी लावलं नव्हतं."

"कशाला पण?" मी ओरडले. "कशाला केलंत?"

"कशाला म्हणजे? माल तडकला असता."

"तडकायलाच हवा होता! त्यासाठीच तर सगळं होतं! तो तडकला असता तर त्यांना कळलं असतं की तुम्ही तिथे काय करता!"

"मी माल तडकू देऊ?" आता त्यांचाही आवाज चढला. "मुद्दाम? उभा राहून बघत? अक्कल गहाण ठेवलीस काय शाळेत? त्या ट्रॉलीवर चांगली माती असते, माणसांनी रचलेली असते. ती फोडायची आणि मग म्हणायचं, बघा, मी किती मोठा! असला मोठेपणा कुत्र्याला घाल."

"मोठेपणा नाही काका, नोकरी! तुमची नोकरी!"

"कोण काढतो मला ते बघतो मी."

"सरासरीसाहेब काढतात! आणि तुम्हीच त्यांच्या हातात कारण दिलंत! तुमच्याशिवाय काम चालतं हे तुम्हीच सिद्ध करून दिलंत, राबून!"

काकू मधे आली. "दोघंही गप्प बसा. शेजारी ऐकतायत. आणि तू चप्पल काढ आधी." मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर निदान घरात विचारायचं तरी."

काका उठून बाहेर गेले. मी मागून म्हणाले, "मी उद्या साहेबांना सांगणार आहे."

"सांग. घाबरतो काय मी?"

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही आलेख घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. या वेळी वाक्य आलेखाच्या खाली नाही, आलेखाच्या मधोमध लाल अक्षरात लिहिलं होतं. कापायचंच तर रेघही कापावी लागली असती.

"चाचणी रद्द धरा," मी म्हटलं. "चाक बांधलेलं असताना ही रेघ सपाट येऊच शकत नाही. कोणीतरी दुसऱ्या मार्गाने ड्रायर सांभाळत होतं."

साहेबांनी आलेखाकडे ओझरतं पाहिलं. "कोणीतरी म्हणजे तुझे काका."

"हो."

"म्हणजे त्यांनी चाचणीत ढवळाढवळ केली, असं तू मला लेखी देतेस?"

"हो. त्यांनी तुमचा माल वाचवला, असंही लेखी देते."

"वा!" ते खुर्चीत मागे टेकले. "मग काम सोपंच झालं. पद रद्द करायचीही गरज नाही. शिस्तभंग."

त्या क्षणी मला समजलं की या माणसाला खरं काय ते बघायचंच नाहीये. त्याने आधी उत्तर लिहिलं होतं, आता त्याला जुळेल असा प्रश्न शोधत होता. मी टेबलावर दोन्ही हात टेकले.

"काढा," मी म्हटलं. "पण पुन्हा एकदा चाचणी घ्या. या वेळी काका गेटच्या बाहेर असतील आणि मी त्यांच्याबरोबर बसेन. नमुने तुम्ही स्वतः घ्या, म्हणजे पुतणीने आकडे फिरवले म्हणायला नको. ट्रॉली कोणी मधे थांबवायची नाही. मागच्या दारांनाही कुलूप. माल कालच्यासारखा निघाला तर काकांबरोबर मीही जाते, राजीनामा आत्ताच लिहून ठेवते. आणि नाही निघाला तर चाक त्यांच्या हातात परत, शिस्तभंग वगैरे सगळं विसरायचं."

"फार आत्मविश्वास आहे."

"आत्मविश्वास नाही. उतार आहे."

ते कबूल झाले. मला वाटतं, एका दगडात दोन पक्षी दिसत होते त्यांना.

काकांना गेटबाहेर काढणं हेच खरं अवघड होतं. काकूने दम दिला तेव्हा आले. गेटसमोर रखवालदाराचं बाकडं आहे, त्यावर आम्ही दोघं बसलो. मी त्यांच्या आणि गेटच्या मधे. आत ट्रॉल्यांची चाकं रुळावर कुरकुरत होती आणि प्रत्येक कुरकुरीला काका मान वर करायचे.

"ही ओली आहे," ते म्हणाले. "जड चालतेय."

"असू दे."

"हिला आठवर ठेवायला हवं."

"असू दे म्हटलं ना."

"तू लहान होतीस तेव्हाच बरी होतीस. रडायचीस फक्त."

"बसा खाली, काका."

"पाय मोकळे करतोय."

"पाय बाकड्यावरच मोकळे करा."

थोड्या वेळाने आतून एक हलकी ट्रॉली खडखडत गेली. काकांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताची मूठ वळून अशी फिरवली, जणू समोर चाक आहे. डावीकडे, बराच वेळ डावीकडे. मला ते बघवेना. तरी मी त्यांची बाही सोडली नाही. राग दोघांनाही आला होता, पण माझा राग कोणावर आहे हे मला धड सांगता आलं नसतं. साहेबांवर होताच. या माणसावरही होता, जो स्वतःच्या बाजूने साधं गप्प बसायलाही तयार नव्हता. आणि या सगळ्या पद्धतीवर, जिच्यात चांगलं काम दिसत नाही आणि ते दाखवायचं तर आधी वाईट होऊ द्यावं लागतं.

पाळी संपायच्या आधीच फिटर गेटशी आला. "साहेबांनी बोलावलंय. दोघांनाही."

ड्रायरच्या तोंडाशी ट्रॉल्या ओळीने उभ्या होत्या. कोरड्या ट्रॉल्यांवरची कौलं वाकडी होऊन आडवी चिरली होती. ओल्या ट्रॉल्यांवरची इतकी मऊ होती की भट्टीत घालायची कोणाची हिंमत होईना. सरासरीसाहेब हातात नमुन्यांचा ट्रे घेऊन उभे होते, शर्टाच्या बाह्यांना माती.

"सरासरी काय आली, सर?" मला राहवलं नाही.

त्यांनी ट्रे दुसऱ्या हातात घेतला. उत्तर मला ठाऊकच होतं. अर्धी कौलं जास्त ओली, अर्धी जास्त कोरडी. सरासरी उत्तम आली असणार.

काका कोणाकडेच न बघता पहिल्या ट्रॉलीशी गेले. एक चिरलेलं कौल उचललं, दोन्ही हातांनी धरलं, ते बिस्किटासारखं मोडलं. तुकडे त्यांनी खाली टाकले नाहीत, पुन्हा ट्रॉलीवर नीट ठेवले. मग माझ्याकडे वळले.

"झालं समाधान? आली तुझी रेघ?"

"आली," मी म्हटलं. "चढती."

"घाल चुलीत."

साहेबांनी खिशातून किल्ली काढून फिटरकडे दिली. "कुलूप काढ. ड्रायरवाले, तुम्ही चाकावर जा. झालं गेलं विसरून जाऊ." मग घसा साफ करून मला म्हणाले, "पुढच्या वेळी अहवालात असं स्पष्ट लिहीत जा. आमच्या लक्षात कसं येणार?"

"लिहिलं होतं."

"हो, पण ठळक नव्हतं." ते आता सावरले होते, आवाजात जुना तोरा येत होता. "बरं, आता आत जाताना ओलावा किती ते आपल्याकडे आहे. तो किती असला की चाक किती फिरवायचं, याचं एक समीकरण काढून दे. एका ओळीचं. मोटर बसवू, तीच फिरवेल. सोपं आहे ना? रेघच ओढायची."

सोपं होतं. हेच तर वाईट होतं. त्यांना पटवण्यासाठी मी जे मोजायला शिकवलं होतं, तेच आता काकांची जागा घेणार होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. फिटर कुलूप हातात घेऊन थांबला होता.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे काढून देणार नाही. तुम्हाला रेघ वाचता येत नाही, सर. पहिली रेघ दिली, तुम्ही तिच्याखालचं वाक्य कापलंत आणि माणूस काढायला निघालात. समीकरण दिलं तर त्याच्या अटी कापाल. मग माती बदलेल, मोटर आपली चाक फिरवत बसेल, आणि हे असंच सगळं फुटेल. तेव्हा मोटरला शिस्तभंगाची नोटीस द्याल? आधी ओलावा रोज मोजायला माणूस ठेवा. ड्रायरवर काकांना ठेवा. मी त्यांच्याशेजारी उभी राहून शिकेन, ते कुठे चुकतात तेही शोधेन, कारण चुकतातच ते. वर्षभराने विचारा. आत्ता नाही."

"तुला नोकरी नकोय का?"

"हवीये. म्हणूनच सांगतेय."

ते काही बोलायच्या आत काका माझ्यावर खेकसले. "साहेबांशी असं बोलतात? हेच शिकवलं घरात? आणि मी चुकतो? मी? कुठे चुकतो सांग बघू!"

"सकाळच्या पहिल्या ट्रॉलीपासून," मीही तोडीस तोड ओरडले. "रोज! दुपारपर्यंत तुम्ही जास्त उघडून ठेवता!"

"रात्रीच्या गारव्याने ड्रायर थंडावलेला असतो तेव्हा! तुझ्या आकड्यांना थंडी वाजते का?"

"मग तसं सांगा ना! मी ड्रायरचं तापमानही घेते!"

सरासरीसाहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, ट्रे फिटरच्या हातात कोंबला आणि निघून गेले. जाताना म्हणाले, "या विषयावर मी वरती बोलणार आहे."

साखळी खाली पडली. मागच्या बाजूने पुढची ट्रॉली कुरकुरत येत होती, जड, ओली. काकांनी कौलाला अंगठा लावला आणि चाकाची मूठ धरली.

"बाजूला हो," ते म्हणाले. "माल येतोय."

मी बाजूला झाले, पण गेले नाही. त्यांनी चाक आठवर नेलं तेव्हा मी तिथेच होते.